एमपीएससी-यूपीएससीचा निबंध कुणाकडून तपासून घ्यायचा, कसा घ्यायचा आणि मग पुन्हा कसा लिहायचा

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून डिस्क्रिप्टिव्ह झाली, म्हणजे उत्तरं सविस्तर लिहायची झाली, आणि तेव्हापासून मुलांचा एकच प्रश्न सारखा कानावर येतो, निबंध तर लिहिलाय पण तपासायला कुणाकडे देऊ? प्रश्न बरोबर आहे. पण त्याच्या पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, की तपासून आलेल्या पेपरचं करायचं काय. बहुतेक मुलं मार्क बघतात, शेरा वाचतात, पेपर फाइलला लावतात आणि दुसऱ्या दिवशी नवीन विषय घेतात. सहा महिन्यांनी फाइल जाड झालेली असते आणि निबंध मात्र पहिल्या दिवशी होता तिथंच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की सुधारणा तपासण्यात होत नाही, तोच निबंध परत लिहिण्यात होते, आणि मदत मागायची ती परत लिहिण्यासाठी. हा सगळा लेख त्याच हिशोबाने लिहिलाय.

आधी मार्कांचं गणित बघून घ्या म्हणजे यात वेळ का घालवायचा ते कळेल. नवीन पॅटर्नमध्ये मेरिटला धरले जाणारे मुख्यचे १७५० मार्क आहेत, त्यात निबंध एकटा २५० चा, म्हणजे जीएसच्या (सामान्य अध्ययन) एका अख्ख्या पेपरएवढा. मुलाखत २७५ ची. मराठी आणि इंग्रजी भाषेचे ३००-३०० चे दोन पेपर वेगळे, ते फक्त क्वालिफाय करायचे, २५ टक्के लागतात. यूपीएससीलाही निबंध २५० चाच, तीन तासात दोन निबंध, दोन विभागातून एक-एक, प्रत्येकी १२५ मार्क आणि साधारण १००० ते १२०० शब्द. आधीच्या राज्यसेवेत लिहायचा म्हणून मराठी-इंग्रजीचा एकच १०० मार्कांचा पेपर होता आणि बाकी सगळे गोल काळे करायचे, त्यामुळे चार-पाच वर्षं तयारी केलेल्या मुलांनाही सलग आठ-दहा पानं लिहायची सवय नाही, ही त्यांची चूक नाही, परीक्षाच तशी होती. आता बदलली, तर तयारीही बदलायला लागेल.

कुणाला दाखवायच्या आधी

पेपर दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी तुमचं स्वतःचं काम संपलेलं पाहिजे. निबंध परीक्षेसारखा लिहा, म्हणजे दीड तास लावून, हाताने, समास सोडलेल्या ए-फोर कागदावर, एका ओळीआड एक ओळ सोडून. ओळ सोडायची ती तपासणाऱ्यासाठी, नाहीतर बिचारा लिहिणार कुठे. फेअर करून देऊ नका. मुलं घरी बसून तीन तास खपून, नोट्स उघड्या ठेवून, मोत्यासारख्या अक्षरात निबंध लिहून आणतात आणि तपासणाऱ्याला जे दिसायला हवं तेच झाकून टाकतात. खाडाखोड राहू द्या, घाईत लिहिलेलं शेवटचं पान तसंच राहू द्या, कुठे अडकलात ते तिथेच दिसतं.

लिहून झालं की एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नाही, आवाज काढून. अभ्यासिकेत जमत नसेल तर गच्चीवर जा, खाली पार्किंगमध्ये जा. जिथे तुमची जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलंय असं समजून पेन्सिलने खूण करा. मग दुसरं काम, प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला समासात एका ओळीत लिहायचं की या परिच्छेदात मी काय म्हटलंय. "जंगलाबद्दल माहिती" असं नाही लिहायचं, पूर्ण म्हणणं लिहायचं, उदाहरणार्थ "जंगल तोडलं की आधी पाण्याचा खर्च वाढतो". सगळ्या परिच्छेदांच्या ओळी झाल्या की फक्त त्या ओळी वरून खाली वाचा. दोन ओळी सारख्याच निघाल्या तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगितलीय, एखाद्या परिच्छेदाची ओळ लिहिताच येत नसेल तर त्या परिच्छेदात म्हणणं नाही, नुसती वाक्यं आहेत. वीस मिनिटांचं काम आहे, आणि निम्मी दुरुस्ती इथेच सापडते, कुणालाही फी न देता.

मदत कुणाची घ्यायची

इथे मुलं एक घोळ घालतात, एकाच माणसाकडून सगळं मागतात. निबंधाला तीन प्रकारची नजर लागते आणि ती सहसा एकाच माणसाकडे नसते.

पहिला माणूस परीक्षा कळणारा. ज्याने स्वतः मुख्य लिहिली आहे किंवा बरीच वर्षं मुख्यचे पेपर बघतोय असा. विषय नीट समजलाय का, मांडणी विषयाला धरून आहे का, हे तो सांगेल. क्लासची टेस्ट सिरीज लावणार असाल तर पैसे भरायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या. पेपर प्रत्यक्ष तपासणार कोण, जाहिरातीतले सर की दुसरं कुणी. किती दिवसात परत मिळणार, कारण महिन्याने आलेला पेपर तुम्हाला स्वतःलाही आठवत नसतो. तपासल्यावर समोरासमोर किंवा फोनवर दहा मिनिटं बोलायला मिळणार का. आणि तपासलेल्या पेपरचा एक नमुना बघायला मिळेल का. नमुन्यात नुसते टिकमार्क आणि खाली "गुड, कीप इट अप" असेल तर तिथे पैसे घालू नका, मग क्लास कितीही नावाजलेला असो. बॅच मराठी माध्यमाची असली तरी तपासणारा इंग्रजी माध्यमातला असतो असंही होतं, तेही विचारा, संकोच करू नका.

दुसरा माणूस भाषा कळणारा. याच्यासाठी पुण्याला सदाशिव पेठेत यायची अजिबात गरज नाही. तुमच्या तालुक्याच्या गावात हायस्कूलला मराठी शिकवून रिटायर झालेल्या बाई किंवा सर असतातच. त्यांना स्पर्धा परीक्षेतलं काही कळत नसेल, चालेल, त्यांना वाक्य कळतं. त्यांनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यात, आणि शिकायला आलेल्या पोराला सहसा ते नाही म्हणत नाहीत. मात्र त्यांना स्पष्ट सांगा की हा शाळेतला निबंध नाही, अलंकारिक भाषा नकोय, साफ आणि नेमकी मराठी हवीय. नाहीतर "सोनेरी किरणांनी न्हालेली पहाट" टाइपच्या सूचना येतील आणि तुम्ही त्या आदराने मान्यही कराल.

तिसरी नजर सोबतच्या मुलांची. अभ्यासिकेतले तीन-चार जण मिळून आठवड्यातून एकदा बसायचं. सोबत्याने मार्क द्यायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत, त्याने फक्त वाचून झाल्यावर पेपर उलटा ठेवून सांगायचं की या निबंधात काय म्हटलंय. त्याला सांगता आलं तर निबंध पोचला. त्याने तुमचं म्हणणं भलतंच सांगितलं तर भांडू नका, परीक्षकालाही ते तसंच पोचणार आहे आणि तिथे समजावून सांगायला तुम्ही नसणार.

पैशाची अडचण असेल तर शासकीय सोयी नीट बघा. मुंबईचं राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्थेचं केंद्र, इतर शहरांतली भारतीय प्रशासकीय सेवापूर्व प्रशिक्षण केंद्रं, पुण्यात यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेतलं आंबेडकर स्पर्धा परीक्षा केंद्र, शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजना, प्रत्येकाची प्रवेश परीक्षा आणि पात्रता वेगवेगळी आहे, जाहिरात आली की वाचून अर्ज टाकायचा. तिथे ॲडमिशन मिळाली तर पेपर तपासणाऱ्यांना भेटायची संधी सोडू नका.

पेपर देताना काय सांगायचं

"सर जरा बघा ना कसा झालाय" एवढं बोलून पेपर दिला तर उत्तरही तसंच येतं, "बरा आहे, अजून सराव कर." समोरच्याला वेळ कमी असतो, त्याने तो वेळ कुठे घालायचा हे तुम्ही सांगायला हवं. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर मेसेज साधारण असा असावा:

"नमस्कार मॅडम, मी राज्यसेवेची तयारी करतोय, गुरुवारी आपलं फोनवर बोलणं झालं होतं. निबंधाची पीडीएफ पाठवतोय, नऊ पानं आहेत, विषय पहिल्या पानावर लिहिलाय. दीड तासात लिहिला, शेवटची दोन पानं घाईत झालीत. तिसऱ्या पानापासून मी विषय सोडून गेलोय का, एवढं बघाल का? शुद्धलेखन या वेळी नाही बघितलं तरी चालेल. तुम्हाला जमेल तेव्हा दहा मिनिटं फोन करू का?"

यात विषय आहे, वेळ आहे, पानं किती ते आहे, आणि मुख्य म्हणजे एक नेमका प्रश्न आहे. एका वेळी दोनपेक्षा जास्त प्रश्न नकोत. पानांचे सुटे फोटो पाठवू नका, फोनमधल्या स्कॅनरने सरळ उजेडात स्कॅन करून, पानांना नंबर देऊन, एक पीडीएफ करा. नऊ तिरके फोटो उलटसुलट क्रमाने आले की बघणाऱ्याचा मूड तिथेच जातो.

समोर बसल्यावर

शक्य असेल तर पेपर आधी पोचवून मग भेटा आणि भेटल्यावर पेन्सिल तुमच्या हातात राहू द्या. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरांनी लाल पेनाने वाक्य सुधारून दिलं की वाक्य त्यांचं होतं, तुम्ही ते फक्त उतरवता, आणि पुढच्या निबंधात तीच चूक पुन्हा येते. सरांनी विचारावं, "इथे तुला म्हणायचं काय होतं?" तुम्ही तोंडी सांगावं, आणि जे तोंडी सांगितलं तेच लगेच लिहावं. नव्वद टक्के वेळा तोंडी सांगितलेलं वाक्य कागदावरच्या वाक्यापेक्षा चांगलं असतं, कारण बोलताना आपण "सदर" आणि "करण्यात येते" वापरत नाही.

बोलायचा क्रमही ठरवून घ्या. आधी विषय, मग एकूण म्हणणं, मग परिच्छेदांची जुळणी, मग उदाहरणं, मग वाक्य, आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन. उलट्या क्रमाने गेलात तर अर्धा तास ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करण्यात जाईल आणि नंतर कळेल की तो परिच्छेदच काढून टाकायचाय. मराठीचे सर असतील तर त्यांचा हात आधी वेलांटीवरच जाणार, तेव्हा अदबीने सांगा, "सर, आधी मुद्दा बघूया का, शुद्धलेखन शेवटी घेऊ."

स्वतःची बाजू मांडत बसू नका. "नाही सर, मला तसं नव्हतं म्हणायचं" हे वाक्य मनात आलं की गप्प बसून तिथे खूण करा, कारण तिथे लिहिलेलं आणि म्हणायचं होतं ते यात फरक पडलाय एवढाच त्याचा अर्थ. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं तर उत्तम, घरी आल्यावर निम्म्या सूचना आठवत नाहीत.

शेऱ्यांचा अर्थ काय घ्यायचा

तपासणारे घाईत असतात आणि शेरे ठरलेले असतात. त्यामागे काय असतं ते कळलं तर काम सोपं होतं.

"खोली नाही" हा सगळ्यात जास्त येणारा शेरा आणि मुलं त्याचा अर्थ घेतात की अजून माहिती भरायला हवी. मग पुढच्या निबंधात दोन अहवाल, तीन निर्देशांक आणि चार योजना येतात आणि शेरा तोच राहतो. खोली नाही म्हणजे बहुतेक वेळा असं असतं की तुम्ही "काय" सांगितलं आणि "का" व "कसं" सोडून दिलं. एक मुद्दा घेऊन त्याच्या मागे तीन वेळा "का" लावा. स्त्रियांचा कामातला सहभाग कमी आहे, का? घरकामाचा भार त्यांच्यावर, का? मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायची दुसरी सोय नाही, का? तिसऱ्या "का"पर्यंत पोचलात की तुमच्याकडे लिहायला खरंखुरं काहीतरी असतं. दहा मुद्द्यांऐवजी असे चार मुद्दे बास झाले.

"प्रवाह नाही" म्हणजे परिच्छेद एकमेकांना ओळखत नाहीत. ऐतिहासिक, सामाजिक, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय असे कप्पे करून लिहिलं की हे होतंच. मधे "त्याचप्रमाणे", "तसेच", "याशिवाय" टाकून ते सुटत नाही. समासातल्या त्या एकेक ओळी परत काढा आणि प्रत्येक दोन ओळींच्या मधे "म्हणून", "पण" किंवा "कारण" यातलं काय बसतं बघा, काहीच बसत नसेल तर क्रम बदला.

"विषयाला सोडून" हा शेरा आला तर बाकी सगळं बाजूला ठेवा. आयोगाने अभ्यासक्रमातच सांगितलंय की विषयाला धरून राहा, कल्पना क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा आणि परिणामकारक व नेमक्या अभिव्यक्तीला श्रेय मिळेल. म्हणजे तपासायची पट्टीच त्यात दिलीय. यूपीएससी मराठीतून लिहिणाऱ्यांनी तर जास्त जपायला हवं, पेपर हिंदी आणि इंग्रजीत छापलेला असतो, विषय मनात मराठीत उतरवताना त्यातला एखादा शब्द निसटला की अख्खा निबंध दुसरीकडे जातो. म्हणून कच्च्या पानावर पहिली दहा मिनिटं फक्त विषयातल्या एकेका शब्दाला द्यायची.

आणि "ठीक", "बरा", "छान" हे शेरे नाहीतच. असं काही मिळालं तर नम्रपणे एवढं विचारा, "सर, यातला सगळ्यात कच्चा परिच्छेद कोणता?" याचं उत्तर कुणीही देऊ शकतं.

एक परिच्छेद हातात घेऊन बघू

यूपीएससीला २०२२ मध्ये एक विषय होता, साधारण असा, की आर्थिक उत्कृष्टतेचा अभ्यास करायचा तर जंगलांसारखं उदाहरण नाही. त्यावर बहुतेक मुलं पहिल्या प्रयत्नात असं काहीतरी लिहितात:

"जंगले ही मानवी जीवनात अत्यंत महत्त्वाची भूमिका बजावतात. जंगलांमुळे आपल्याला शुद्ध हवा, लाकूड व औषधी वनस्पती मिळतात. आजच्या आधुनिक युगात मोठ्या प्रमाणात वृक्षतोड करण्यात येत आहे. महाराष्ट्रातील मेंढा (लेखा) या गावाने जंगलाचे संवर्धन केले आहे. म्हणून जंगले वाचवणे ही काळाची गरज आहे."

यात खोटं काही नाही, शुद्धलेखनही ठीक आहे. पण विषय जंगलाचं महत्त्व हा नाहीच, विषय आहे अर्थव्यवस्थेने जंगलाकडून काय शिकावं, आणि पाच वाक्यांत अर्थव्यवस्था कुठेही नाही. चांगला तपासणारा इथे वाक्य सुधारत बसणार नाही, तो मेंढा (लेखा)वर बोट ठेवेल, कारण परिच्छेदात जिवंत असलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि विचारेल: तिथे नेमकं काय झालं? पैसा कशातून आला? ठरवतं कोण? मुलाला उत्तर येत नाही, मग तो घरी जातो, वाचतो आणि परत लिहितो:

"गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा मार्ग मोकळा झाला. कोणता बांबू कधी तोडायचा हे बाहेरचा कंत्राटदार ठरवत नाही, ग्रामसभा ठरवते, आणि तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. जंगलाची वाढ हे व्याज आणि उभे जंगल हे मुद्दल. व्याजावर गाव चालवायचे आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, एवढी शिस्त ज्या अर्थव्यवस्थेला जमते तिला मंदीची भीती कमी असते. आपल्या शहरांनी भूजलाच्या बाबतीत नेमके उलटे केले आहे."

शब्द जवळपास दुप्पट झालेत. पण आता एक दावा आहे, एका गावाचा पुरावा आहे, आणि शेवटच्या वाक्याने पुढच्या परिच्छेदाचं दार उघडलंय, पुढे भूजलावर जाता येईल. पहिल्या परिच्छेदातलं "आधुनिक युगात", "काळाची गरज", "महत्त्वाची भूमिका" हे सगळं आपोआप गळून पडलं, कुणी खोडायची गरज पडली नाही. पुनर्लेखन म्हणतात ते हेच, आणि हे दुसऱ्याने करून देण्यात काही अर्थ नाही, दुसऱ्याने फक्त तीन प्रश्न विचारायचे.

वाक्य आणि शुद्धलेखन

मुद्दे जागेवर आले की मगच भाषेकडे वळा. आपल्या मुलांच्या मराठीत सरकारी जीआरची (शासन निर्णयांची) भाषा फार शिरलीय, जीआर वाचून वाचूनच ती आलीय. "शासनाच्या माध्यमातून विविध योजनांची अंमलबजावणी करण्यात येत असल्याचे दिसून येते." याचं करायचं, "सरकार अनेक योजना राबवते." एवढं छोटं केल्यावर दिसतं की वाक्यात काहीच नव्हतं, मग एका योजनेचं नाव घ्या आणि ती कुठे अडते ते सांगा. मोठ्या वाक्यात पोकळपणा लपतो, छोट्या वाक्यात लपत नाही. "च्या माध्यमातून", "च्या दृष्टिकोनातून", "या अनुषंगाने" हे शब्द पेन्सिलने गोल करा, प्रत्येक पानावर किती निघतात ते तुम्हालाच दिसेल.

शुद्धलेखनाचे साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत, सगळे पाठ करायची गरज नाही, तुमच्या स्वतःच्या चुका पाच-सहाच असतात आणि त्याच फिरून फिरून येतात. "की" नेहमी दीर्घ, "आणि" मात्र ऱ्हस्व. शब्दाच्या शेवटी नीती, भूमी, कवी असं दीर्घ, पण जोडशब्दात पहिलं पद झालं की नीतिमूल्य, भूमिपुत्र, कविसंमेलन. "तज्ज्ञ"मध्ये दोन ज आहेत हे बहुतेकांना माहीतच नसतं. भाषेच्या माणसाकडून दोन-तीन पेपर तपासून झाले की तुमची यादी तयार होते, ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. भाषेच्या ३०० मार्कांच्या पेपरलाही तिचाच उपयोग होतो.

सुविचारांबद्दल जरा कडक बोलतो. गांधीजी, बाबासाहेब, विवेकानंद यांच्या नावाने जे फॉरवर्ड फिरतात ते तसेच निबंधात टाकू नका. हे वाक्य त्यांनी कुठे म्हटलंय हे तुम्हाला सांगता येत नसेल तर ते काढा. थोर माणसाच्या तोंडी त्याने न म्हटलेलं वाक्य घालणं हे परीक्षेच्या आधी माणूस म्हणून चुकीचं आहे. त्यांचं काम सांगा, महाडचा १९२७ चा सत्याग्रह सांगा, ते जास्त वजनदार असतं आणि ते खरं असतं.

एआयची मदत

आजकाल पेपर टाईप करून चॅटजीपीटीला टाकतात आणि "सुधारून दे" म्हणतात. मिळतो तो गुळगुळीत निबंध तुमचा नसतो, परीक्षेत तो सोबत येत नाही, आणि त्याची मराठी बऱ्याचदा भाषांतरित वाटते. आकडे आणि नावंही बिनधास्त चुकीची देतं. वापरायचंच असेल तर त्याला लिहायला सांगू नका, विरोधात उभं करा. "या निबंधातल्या म्हणण्याला तीन आक्षेप घे, उत्तर देऊ नकोस" एवढंच सांगा, आणि आक्षेपांना उत्तर तुम्ही हाताने लिहा. गावात तपासायला कुणीच मिळत नसेल तर एवढा उपयोग नक्की होतो. विकत मिळणाऱ्या तयार निबंधांच्या पीडीएफ मात्र पूर्ण टाळा, एकच सुरुवात शेकडो मुलांनी पाठ केलेली असते.

दुसरा खर्डा, आणि त्यानंतर

पेपर परत आल्यापासून दोन-तीन दिवसात दुसरा खर्डा झाला पाहिजे. अख्खा निबंध लिहायचा कंटाळा येतो, मान्य आहे, म्हणून पहिल्यांदा फक्त प्रस्तावना, सगळ्यात कच्चे दोन परिच्छेद आणि शेवट एवढंच परत लिहा. जुना पेपर शेजारी ठेवू नका, समासातल्या सुधारलेल्या ओळी तेवढ्या समोर ठेवा, नाहीतर हात जुनीच वाक्यं उतरवतो. हा दुसरा खर्डा त्याच माणसाला दाखवा ज्याने पहिला बघितला होता, आणि दोन्ही सोबत द्या. त्याला पाच मिनिटं लागतील, आणि आपण सांगितलेलं पोराने केलंय हे बघून पुढच्या वेळी तो तुम्हाला जास्त वेळ देईल, हा माणसाचा स्वभाव आहे.

त्यानंतरच नवीन विषय. आठवड्याला एक नवीन निबंध आणि एक पुनर्लेखन, एवढं नोकरी करणाऱ्यालाही जमतं. रोज एक निबंध लिहिणाऱ्यापेक्षा हा मुलगा पुढे जातो असं मला ठामपणे वाटतं. दोन तपासणाऱ्यांची मतं उलटसुलट आली, एक म्हणतो उदाहरणं वाढव, दुसरा म्हणतो कमी कर, तर गोंधळू नका, दोघांनी बोट कुठल्या परिच्छेदावर ठेवलंय ते बघा. बोट एकाच जागी असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय हे नक्की, उपाय तुमचा तुम्ही शोधा.

साध्या वहीत तीन रकाने आखा: शेरा काय आला, खरी अडचण काय होती, पुढच्या निबंधात काय केलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर त्या शेऱ्याचं काम अजून बाकी आहे. नवीन माणसाला पेपर दाखवताना ही वही सोबत न्या, त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

मुख्य जवळ आली की शेवटच्या पंधरा-वीस दिवसात नवीन माणसाकडे पेपर देऊ नका. त्याची पद्धत वेगळी असणार, तो तुमच्या सगळ्या मांडणीवर शंका घेणार, आणि बदलायला तुमच्याकडे वेळ नसणार. तेव्हा जुने दुसरे खर्डे काढून मोठ्याने वाचा, वहीतला तिसरा रकाना वाचा, शेवटच्या पानावरची शुद्धलेखनाची यादी वाचा, आणि तीन तासात दोन निबंध बसवायचा सराव घड्याळ लावून करा, दुसऱ्या निबंधाला निदान ऐंशी मिनिटं उरतील असा.